डुलकी कुणाला लागली होती

माझं काम चोरून ऐकण्याचं आहे, असं माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगतात. मी त्यांना अडवत नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. दोन यंत्रं एकमेकांशी बोलत असतात आणि त्यांचं बिनसलं की मी मध्ये बसून त्यांचं बोलणं पकडतो. कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे कागदावर काढून देतो. नगर जिल्ह्यात हे काम नीट करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यातलं एक बोट माझं आहे. हे मी फुशारकीने लिहीत नाही. पंचवीस वर्षं हेच केलं आहे, येतं म्हणून लिहितो.

या कामातल्या गमती मी लग्नकार्यात रंगवून सांगतो. एक गोष्ट मात्र आठ वर्षं कुठेच सांगितली नाही, घरातसुद्धा नाही. रावसाहेब नावाच्या एका सरळ माणसाला लोक कामावर झोपणारा म्हणू लागले, ते माझ्यामुळे. तो झोपला नव्हता. हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा संपादकांना म्हणालो, गमती देतो, पण ही गोष्टही घ्यावी लागेल.

आधी काम समजावून सांगतो, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही.

शाळा घ्या, दवाखाना घ्या, डेअरी घ्या. यंत्रं खंडीभर असतात. ऑफिसची वेगळी, कॅमेऱ्यांची वेगळी, मशीनरीची वेगळी. प्रत्येकासाठी स्वतंत्र केबल ओढत बसलं तर भिंती उरणार नाहीत. म्हणून केबल एकच ठेवतात आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर त्याच्या विभागाचा नंबर टाकतात. डेअरीच्या माणसाला मी सांगतो, टेम्पो एकच, कॅन चाळीस, आणि कॅनवर ज्याच्या त्याच्या गावाचा नंबर रंगवलेला. टेम्पोत सगळे शेजारी शेजारी उभे, पण कुणाचं दूध कुणात मिसळत नाही. आमच्या भाषेत याला व्हीलॅन म्हणतात.

माझं हत्यार म्हणजे लिनक्सचं मशीन. त्याला केबल लावायचा खरा पोर्ट एकच असतो. पण त्या एका पोर्टावर आपण आणखी पोर्ट मानू शकतो. मानलेली बहीण असते ना, तसा मानलेला पोर्ट. तीस नंबरच्या विभागाचा एक, चाळीस नंबरच्या विभागाचा एक. मानलेल्या पोर्टावर कॅप्चर लावलं, म्हणजे पकड बसवली, तर त्या एकाच विभागाची पाकिटं दिसतात, आणि तीही नंबर काढून टाकलेली, स्वच्छ. खऱ्या पोर्टावर लावलं तर सगळ्यांची दिसतात, नंबरासकट. दोन्हींत फरक एवढाच. पण एवढ्यावरच माझं घर चालतं आणि एवढ्यावरच मी घसरलो.

सावेडीतल्या एका शाळेने मला बोलावलं होतं. मुख्याध्यापिका बाई संतापलेल्या. दुपारी दोननंतर इंटरनेट मरतं आणि ऑफिसची कामं अडकतात.

"मुलांचंच काम आहे हे," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून काहीतरी बघतात. मला नावं हवीत."

मी मुलांच्या विभागाच्या मानलेल्या पोर्टावर पकड लावली. शांतता. दोन-चार पाकिटं, तीही गृहपाठाची. मग शिक्षकांच्या विभागावर लावली आणि पडदा धबधब्यासारखा वाहू लागला. मी काही बोलायच्या आत चहा घेऊन आलेले शिपाईमामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"सर, तुमचं मशीन बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "म्याच चालू हाय. पीटीच्या सरांनी स्टाफरूममध्ये मोठा टीव्ही लावलाय. आज फायनल हाय ना."

बाईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी नावं दिली नाहीत, विभागाचा नंबर फक्त लिहून दिला. त्यांना तो समजला.

केडगावच्या एका दुकानदाराची वेगळीच मागणी होती. भागीदार फोनवर आपल्याबद्दल काय बोलतो ते पकडून द्या. मी म्हणालो, "शेठ, मी पाकिटं बघतो, मन नाही. आणि दुसऱ्याचं खाजगी बोलणं पकडणं हा गुन्हा आहे." ते म्हणाले, "मग तुमचं मशीन काय कामाचं?" मी म्हणालो, "तुमचा कॅमेरा का बंद पडतो ते सांगायच्या कामाचं." कॅमेऱ्याचा दोष काढून दिला. पण त्यांची माझ्यावरची श्रद्धा तिथेच संपली.

अशा गोष्टींनी माझं नाव होत गेलं. एक वाक्य तर मी येताजाता फेकायचो: "माणूस खोटं बोलेल, पकड खोटं बोलत नाही." लोकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

नेवासा तालुक्यातल्या एका चिलिंग प्लँटचं नेटवर्क माझ्याकडे होतं. आजूबाजूच्या चाळीसेक गावांचं दूध तिथे येतं, मोठ्या टाक्यांत थंड होतं आणि टँकरने पुढे जातं. प्लँटच्या मशीन हॉलमध्ये पॅनेलवर एक ऑपरेटर बसतो. तापमान बघायचं, व्हॉल्व्ह सांभाळायचे, कॉम्प्रेसर बंद पडला तर ऑफिसला कळवायचं. स्वच्छतेच्या नियमामुळे मोबाईल गेटवर जमा. पूर्वी हॉलमधून ऑफिसला इंटरकॉम होता. मीच तो काढायला लावला होता. त्याच्या जागी पॅनेलशेजारी एक कॉम्प्युटर ठेवला. ऑपरेटरने त्यात दोन शब्द लिहायचे आणि बटण दाबायचं. निरोप मी बसवलेल्या लिनक्स मशीनकडे जायचा आणि तिथल्या प्रोग्रॅममधून ऑफिसच्या पडद्यावर लाल पट्टी यायची. सुरेख व्यवस्था होती. फक्त तो प्रोग्रॅम कधीकधी डुलकी घ्यायचा. हा शब्द माझाच. मशीन जागं, केबल जागी, आणि प्रोग्रॅम मात्र डोळे उघडे ठेवून झोपलेला. येणारं पाकीट मशीन घ्यायचं, 'मिळालं' म्हणायचं आणि प्रोग्रॅमच्या दारात ठेवून द्यायचं. प्रोग्रॅम ते उचलायचाच नाही. पुन्हा चालू केला की दारातलं सगळं पुसून जायचं. दोन आठवडे मी त्याच्या मागे होतो. तो नेमका कधी झोपतो ते कळावं म्हणून मी खऱ्या पोर्टावर पकड लावून ठेवली होती, सगळ्या विभागांची, रात्रंदिवस फाईलमध्ये साठवत. प्रोग्रॅमच्या डुलक्यांबद्दल प्लँटमध्ये मी कुणाला बोललो नव्हतो. दुरुस्त करूनच सांगू, असा विचार केला होता.

मे महिन्यातली एक दुपार. कॉम्प्रेसर बंद पडला. पॅनेलवर रावसाहेब होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. त्याचं म्हणणं असं, की त्याने कॉम्प्रेसर दोनदा चालू करून पाहिला, मग ऑफिसला निरोप पाठवला. पडद्यावर 'पाठवला' असं आलं. मेकॅनिक येईल म्हणून तो थांबला, कारण पॅनेल सोडायचं नाही असा नियम. अर्ध्या तासाने दुसरा निरोप पाठवला. आणखी थोडा वेळ वाट बघितली आणि मग नियम मोडून उन्हातून ऑफिसकडे पळत गेला. ऑफिसातले म्हणाले, आमच्या पडद्यावर काहीच आलं नाही. तोवर एका टाकीतलं दूध हातचं गेलं होतं. चाळीस गावांत किती म्हशी-गाई सकाळी पिळल्या असतील ते तुम्हीच बघा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. प्रोग्रॅम झोपलेला होता. मी तो गुपचूप पुन्हा चालू केला. दुपारी मीटिंग. टेबलाच्या एका बाजूला चेअरमन, संचालक आणि प्लँट मॅनेजर खेडकर साहेब. दुसऱ्या बाजूला रावसाहेब उभा. मी लॅपटॉप उघडून मध्ये बसलेलो.

"सर, एकच सांगा," खेडकर साहेब म्हणाले. "निरोप आला होता का तुमच्या मशीनपर्यंत?"

मी साठवलेली फाईल उघडली. हजारो पाकिटांतून एका यंत्राची वेचायची तर फिल्टर लावावा लागतो. मी आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला. भराभर ओळी आल्या. "हे बघा, ऑफिसचं मशीन दिसतंय," मी सगळ्यांना दाखवलं. मग पॅनेलच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला. पडदा कोरा. पुन्हा टाकला. कोरा. त्या दुपारचं एकही पाकीट नाही.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. पाकीट आलंच नसेल तर प्रोग्रॅम झोपला होता की जागा होता, याला काय अर्थ?

"नाही आलं," मी म्हणालो.

"असं कसं, सर?" रावसाहेब म्हणाला. "मी बटन दाबलंय. दोनदा दाबलंय. आईची शपथ घेतो."

"रावसाहेब, शपथ राहू दे," चेअरमन म्हणाले. "सरांचं मशीन काय म्हनतंय ते बघ."

"मशीनला इचारा ना मंग परत. नीट इचारा."

नीट विचारा. हे शब्द तो बोलला होता. मी हसलो. वाईट हसू नव्हतं ते, सांभाळून घेणारं होतं. आणि मग मी जे बोललो ते कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, उन्हाची वेळ होती. हॉलमध्ये मशीनचा एकसुरी आवाज. लागली असेल डुलकी. माणूस आहे." मला वाटलं, मी त्याची बाजू घेतोय.

संचालकांपैकी कुणीतरी खुसकन हसलं. रावसाहेब माझ्याकडे बघत राहिला. तो पळत ऑफिसात आला होता हेही मग त्याच्याविरुद्ध गेलं. जाग आल्यावर पळाला, असं ठरलं. महिना संपायच्या आत त्याला कामावरून काढलं.

या दिवसाबद्दल मी स्वतःला फार दोष देत नाही. चूक झाली, चुका होतात. मशीनवरचा विश्वास खरा होता. पण पूर्ण खरं लिहायचं ठरवलं आहे, तर हेही लिहितो: मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं, म्हणून मी खोलात शिरलो नाही. माझा प्रोग्रॅम सुटत होता. तो अडकत असता, तर मी त्या फाईलची सालपटं काढली असती.

पुढच्या उन्हाळ्यात सावेडीत एका तंत्रनिकेतनात मला तासाला बोलावलं. विषय माझाच, मानलेल्या पोर्टांवरची पकड. मुलांना दाखवायला खरी, सगळे विभाग एकत्र असलेली फाईल हवी होती. माझ्याकडे ती एकच जुनी पडलेली. आदल्या दिवशी घरी बसून मी तासाची तयारी करत होतो. वहीत लिहिलं: "विद्यार्थी हमखास करतात ती चूक." आणि लिहितालिहिता हात थांबला.

ती चूक अशी. फिल्टर पाकिटावर ठरलेल्या जागी पत्ता शोधतो. पाकिटावर विभागाच्या नंबराची चिठ्ठी असली की पुढचं सगळं चार घरं सरकतं. म्हणून खऱ्या पोर्टावर पकडलेल्या फाईलमध्ये शोधताना पत्त्याच्या आधी 'व्हीलॅन' हा शब्द लिहावा लागतो. म्हणजे फिल्टरला सांगायचं, बाबा रे, चिठ्ठी लावलेली आहे, ती ओलांडून बघ. तो शब्द राहिला तर फिल्टर कुरकुर करत नाही, चूक झाली म्हणत नाही. तो गुमान कोरा पडदा दाखवतो. प्लँटमध्ये ऑफिसचा विभाग बिनचिठ्ठीचा होता, म्हणून ऑफिसचं मशीन मला लगेच दिसलं. पॅनेलचा विभाग तीस नंबरचा. चिठ्ठीवाला. मानलेल्या पोर्टावर पकडलं असतं तर चिठ्ठी निघून गेली असती आणि साधा फिल्टर चालला असता. रोज मी तसंच पकडायचो. हात त्याच सवयीचा होता.

मी फाईल उघडली. तो शब्द लिहिला. पॅनेलचा पत्ता टाकला. एन्टर दाबलं.

पडदा भरला.

दुपारी दोन वाजून गेल्यावरचा पहिला निरोप. रोमन अक्षरांतली मराठी. कॉम्प्रेसर बंद, मेकॅनिक पाठवा. खाली माझ्या मशीनचं उत्तर: मिळालं. बरोबर अर्ध्या तासाने दुसरा. साहेब दूध तापतंय, लवकर. खाली पुन्हा माझं मशीन: मिळालं.

तो दोनदा ओरडून सांगत होता. डुलकी माझ्या प्रोग्रॅमला लागली होती.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं? सापडलं का काही?" मी म्हणालो, "नाही. जुनी फाईल आहे." दुसऱ्या दिवशी तास घेतला. छान झाला म्हणाले सगळे. फाईल मी वापरली नाही, फळ्यावर चित्र काढून शिकवलं.

सांगितलं का नाही? कारणं साधी आहेत. मी प्रोग्रॅमच्या डुलक्या लपवल्या होत्या, तेही बाहेर आलं असतं. प्लँट गेला असता, पाठोपाठ आणखी दोन डेअऱ्या. पण सगळ्यात मोठं कारण ते नव्हतं. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले असते की यांचं मशीनसुद्धा खोटं बोलतं, ते मला सहन होणार नव्हतं. पहिल्या आठवड्यात वाटायचं, सोमवारी जाऊन सांगतो. सोमवार गेला की वाटायचं, आता विचारतील, गेल्या सोमवारी का आला नाहीस? असे सोमवार साठत गेले. ते वाक्य मात्र मी फेकायचं सोडून दिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा पावसाळा सरताना रावसाहेबच्या गावातल्या दूध संकलन केंद्राचं काम माझ्याकडे आलं. वजनकाटा आणि फॅटमशीन नेटवर्कला जोडायचं. ते त्याचं गाव आहे हे मला माहीत होतं. काम नाकारता आलं असतं. नाकारलं नाही, एवढं माझ्या बाजूचं.

सकाळी सहाची वेळ. केंद्रापुढे रांग. किटल्या, कॅन, बाया-बापे, गप्पा. मी काट्यामागे केबल लावत बसलेलो. एक बाई पुढे आल्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी किटली काट्यावर ठेवली. रांगेतून एकजण म्हणाला, "काय मंगलवहिनी, भाऊ उठले का?"

रांग हसली. जुना, झिजलेला विनोद असतो ना, सवयीने हसतात तसं.

"उठले," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी उठत्यात. तुमी झोपलेले असता अन् तुमची म्हैस हंबरती, ती ऐकून."

रांग पुन्हा हसली, या वेळी त्या माणसावर. त्या हसल्या नाहीत. किटली उचलून सरळ निघून गेल्या.

मी केंद्राच्या सेक्रेटरीला विचारलं, "उठले का, म्हणजे काय?"

"ते व्हय?" तो म्हणाला. "त्यांचा मालक पूर्वी प्लँटवर हुता. ड्युटीवर झोपला अन् टाकीभर दूध नासवलं. तवापासून गावात त्याला 'डुलकी'च म्हनत्यात. रावसाहेब म्हनलं तर कुनाला कळायचं बी न्हाई." आणि मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "सर, ते पकडनारे तुमीच ना? लई नाव ऐकलंय तुमचं."

माझा शब्द. नऊ वर्षं गावाने सांभाळून ठेवलेला.

त्याच दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. रावसाहेब आता विहिरींच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारींना तांब्याची तार नव्याने गुंडाळून देतो. शेडमध्ये मांडीवर मोटार घेऊन बसला होता. केस पांढरे झालेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्याने मला लगेच ओळखलं.

"या, सर. बसा. मंगल, पानी आन."

मी लॅपटॉप उघडला. मीटिंगमध्ये उघडला होता तसाच. फाईल लावली, तो शब्द लिहिला आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. त्याला रोमन अक्षरं वाचता येत होती, त्यानेच तर लिहिली होती. तो बराच वेळ वाचत राहिला. मग बोट दुसऱ्या ओळीवर टेकवलं. "दूध तापतंय. मीच लिव्हलंय हे."

"हो."

"गेलं हुतं म्हंजी."

"गेलं होतं. दोन्ही. झोपलं ते माझं मशीन."

मंगलबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. रावसाहेबने विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणालो असतो तर त्याने मला मिठी मारली असती कदाचित.

"वर्षभरातच," मी म्हणालो. "आठ वर्षं होऊन गेली."

मंगलबाईंनी तांब्या खाली ठेवला. माझ्यापुढे नाही, दाराशी. "आठ वर्सं तुमी झोपलेले व्हय मंग?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रावसाहेबने तार पुन्हा हातात घेतली. दोन वेढे दिले. मी माफी मागितली. जे जे मनात घोकून आलो होतो ते सगळं बोललो. प्लँटला लेखी देतो म्हणालो, कामावर परत घ्या असं सांगतो म्हणालो.

"कामाचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हितं माज्या हाताखाली दोन मानसं हायती आता. कागद तिकडं द्या, त्यो द्यायलाच पायजे. पन सर, कागद गावात कोन वाचतंय? तुमी तोंडानं बोलला हुता ना? मंग तोंडानंच सांगा. उद्या सकाळी, रांगेत."

"सगळ्यांसमोर?"

"तवा बी सगळ्यांसमोरच हुतं." मग म्हणाला, "अन् ते चिठ्ठी-बिठ्ठी, फिल्टर काय सांगू नका. लोक म्हनतील, सायेब काहीतरी गुंडाळतोय."

प्लँटला मी त्याच संध्याकाळी पत्र दिलं. प्रोग्रॅमच्या डुलक्यांपासून सगळं लिहिलं, फाईल जोडली. खेडकर साहेब निवृत्त झाले आहेत. नव्या मॅनेजरांनी पत्र वाचलं, मला चहा दिला आणि आठवड्याभराने दुसऱ्या माणसाला काम दिल्याचं कळवलं. योग्य केलं. मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग नेहमीसारखीच होती. रावसाहेब स्वतः किटली घेऊन आला होता. सेक्रेटरी म्हणाला, नऊ वर्षांत हा इथे आला नव्हता, दूध मंगलवहिनीच घालायच्या. तो रांगेत आपल्या जागी उभा राहिला. मी काट्याच्या ओट्यावर चढलो. शाळा, कंपन्या, चेअरमन, मंत्र्यांचे सचिव, कुणाकुणासमोर बोललो आहे. इथे समोर किटल्या घेतलेली रांग होती.

आधी माझं नाव सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी प्लँटवर मीच सांगितलं होतं की रावसाहेबने निरोप पाठवला नाही. ते चुकीचं होतं. त्याने दोन वेळा पाठवला होता. माझं मशीन झोपलं होतं. तपासणीत मी चुकलो, आणि चूक कळल्यावर गप्प बसलो. त्याला डुलकी लागली असेल हे मी म्हणालो होतो, ते खोटं आहे. हा माणूस एक क्षण झोपला नव्हता.

एका म्हाताऱ्याने किटली या हातातून त्या हातात घेतली. आदल्या दिवशी विनोद करणारा माणूस पायाखाली बघत होता. मग मागून एका पोरीने हसत विचारलं, "म्हंजी मशीनला झोप लागती?" आणि दोघं-तिघं हसले, रांग सैल पडू लागली. काट्यावर बसलेल्याने पुढच्या किटलीला हात घातला.

"थांब," रावसाहेब म्हणाला.

तो आपल्या जागेवरून हलला नाही. मान वळवून त्याने रांगेच्या शेवटाकडे बघितलं. तिथे नुकतेच आलेले पाच-सहाजण काय चाललंय ते एकमेकांना विचारत होते.

"सर," तो म्हणाला, "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई. परत सांगा."

मी परत सांगितलं. या वेळी मोठ्याने, आणि त्याच्या पूर्ण नावानिशी.